ग्लूमहेवनमध्ये आधी पत्ते संपतात, जीव नंतर

प्रश्न थोडक्यात असा: चौघांनी ग्लूमहेवन हा सहकारी बोर्डगेम सुरू केला, नियमपुस्तिका वाचली, ‘ब्लॅक बॅरो’ हा पहिला सिनॅरिओ, म्हणजे मोहिमेतला पहिला टप्पा, तीन वेळा खेळला आणि तिन्ही वेळा शेवटच्या खोलीत डाव हातातून गेला. शत्रू तसे फार मोठे नाहीत, तरी एकेक नायक बाद होत जातो. नियम चुकत आहेत की डावपेच? आणि हे सगळं शिकायचं कुठून?

शेवटच्या खोलीत, तेही दरवेळी, हार होत असेल तर पहिला संशय पत्त्यांच्या खर्चावर घ्यावा. खेळाचा रचनाकार आयझॅक चिल्ड्रेसने यात फासे ठेवलेच नाहीत. नायकाची ताकद, त्याचा वेग, त्याची चिकाटी, सगळं हातातल्या पत्त्यांत आहे. तो ० हेल्थला आला तर बाद होतोच. पण हेल्थ भरपूर असतानाही दोन पत्ते खेळता आले नाहीत आणि विश्रांतीही घेता आली नाही, तरी तो बादच. नवे खेळाडू हेल्थचा आकडा डोळ्यांत तेल घालून सांभाळतात आणि पत्ते मोजतच नाहीत. इथलं सगळं उत्तर २०१७ च्या मूळ आवृत्तीच्या नियमांना धरून आहे. नव्या आवृत्तीत काही गोष्टी बदलल्या आहेत, तेव्हा आपल्या डब्यातली पुस्तिका जवळ ठेवा.

आधी हिशेब. दर फेरीला दोन पत्ते निवडायचे, एकाचा वरचा भाग खेळायचा आणि दुसऱ्याचा खालचा. खेळलेले पत्ते टाकलेल्यांच्या गठ्ठ्यात जातात. हात संपत आला की विश्रांती: टाकलेले परत हातात येतात, पण त्यातला एक कायमचा जातो. ब्रूट या पात्राकडे १० पत्ते असतात. म्हणजे पहिल्या चक्रात (पहिल्या विश्रांतीपर्यंत) ५ फेऱ्या, मग ९ पत्त्यांवर ४, मग ८ वर ४, पुढे ३, ३, २, २, १, १. बेरीज २५. हीच बेरीज टिंकररच्या १२ पत्त्यांना ३६ येते, क्रॅगहार्टच्या ११ ला ३०, माइंडथीफच्या १० ला २५, स्काउंड्रलच्या ९ ला २० आणि स्पेलवीव्हरच्या ८ ला फक्त १६. विश्रांतीच्या फेऱ्या यात धरलेल्या नाहीत. एकाच टेबलावर बसलेल्या टिंकररकडे स्पेलवीव्हरच्या दुपटीहून जास्त वेळ आहे. तो कुणाकडे किती आहे हे प्रत्येकाला तोंडपाठ हवं.

आता लॉस कार्ड, म्हणजे ज्या कृतीनंतर पत्ता टाकलेल्यांत न जाता थेट गमावला जातो ते. त्याची किंमत ठरलेली नसते. ते कधी खेळलं यावर ती ठरते. १० पत्त्यांच्या पहिल्या चक्रात एक लॉस कार्ड खेळलं तर विश्रांतीनंतर ९ ऐवजी ८ पत्ते उरतात आणि एकूण २५ च्या २१ फेऱ्या होतात. चार फेऱ्या गेल्या. तेच कार्ड हातात ४ पत्ते असलेल्या चक्रात खेळलं तर एकच फेरी जाते. तुमच्या हरण्याचं मूळ बहुधा इथेच आहे: पहिल्या खोलीतल्या पहाऱ्यावरच्या लुटारूंवर दोघातिघांनी आपापलं सर्वात जोरदार लॉस कार्ड वापरलं, खोली झटक्यात साफ झाली, आणि त्याचं बिल तिसऱ्या खोलीत आलं.

याचा अर्थ लॉस कार्डं जपून ठेवून घरी न्यायची असा नाही. तीही तितकीच महाग चूक आहे. सिनॅरिओ समजा १५ फेऱ्यांत संपणार आहे. १० पत्त्यांचा नायक लाँग रेस्ट, म्हणजे अख्खी फेरी देऊन घेतलेली विश्रांती, घेत खेळला तर ५ फेऱ्या, एक विश्रांती, ४ फेऱ्या, एक विश्रांती, ४ फेऱ्या, असं करत १५ वर पोचतो आणि त्याच्याकडे अजून भरपूर पत्ते शिल्लक असतात. ते शिल्लक राहणं म्हणजे न वापरलेली ताकद. हाच नायक पहिल्या आणि दुसऱ्या चक्रात एकेक लॉस कार्ड खेळला तरी पंधराव्या फेरीला विश्रांती घेऊन ५ पत्ते हातात ठेवू शकतो. म्हणून ब्रूटसारख्याने साधारण दोन लॉस कार्डं मधल्या वाटेवर आणि एक-दोन शेवटच्या खोलीत, असा अंदाज बांधून बसावं. शेवटच्या चक्रात, जिथून पुढे विश्रांती घ्यायचीच नाही, तिथे लॉस कार्ड फुकट असतं. स्पेलवीव्हरचं गणित वेगळं आहे: तिच्याकडे ‘रिव्हायव्हिंग ईथर’ आहे, ज्याने गमावलेले सगळे पत्ते परत येतात. ते सिनॅरिओत एकदाच. त्यामुळे ईथरच्या आधी तिने लॉस कार्डं मोकळ्या हाताने खेळावीत. पण ईथर खेळायच्या आधीच ते विश्रांतीत गमावून बसणं हा नव्या स्पेलवीव्हरचा नेहमीचा अपघात.

तो अपघात शॉर्ट रेस्टमध्ये होतो. शॉर्ट रेस्ट फेरीच्या शेवटी घेतात, वेळ जात नाही, पण जाणारा पत्ता आंधळेपणाने निवडला जातो. नको तो आला तर १ हेल्थ देऊन एकदाच पुन्हा निवडता येतं. लाँग रेस्टला अख्खी फेरी द्यावी लागते आणि इनिशिएटिव्ह, म्हणजे फेरीत कोण कधी खेळणार हे ठरवणारा आकडा, ९९ धरला जातो. बदल्यात कोणता पत्ता जाणार हे तुम्ही ठरवता, २ हेल्थ भरतात आणि वापरून आडव्या केलेल्या वस्तू परत उभ्या होतात. नियम म्हणून नाही, पण सवय म्हणून: खोली साफ झाली आणि दार बंद आहे, तर लाँग रेस्ट. ऐन मारामारीत आणि शत्रू अंगावर असताना शॉर्ट रेस्ट. चौघांनी एकाच फेरीत लाँग रेस्ट घेतली तर ती फेरी कुणाच्याही आड येत नाही. एक-एक करून चार फेऱ्यांत घेतली तर पथक सतत तीन पायांवर चालतं.

बाजारातून पहिल्यांदा काय घ्यावं, याचंही उत्तर इथेच सापडतं. सुरुवातीला प्रत्येकाकडे ३० सोन्याची नाणी असतात. १० नाण्यांचं ‘मायनर स्टॅमिना पोशन’ टाकलेल्यांतले दोन पत्ते परत हातात देतं. म्हणजे सरळ एक जादा फेरी, शिवाय आपली सर्वोत्तम चाल लागोपाठ दोनदा. कमी पत्त्यांच्या पात्रांसाठी याच्याइतकी चांगली पहिली खरेदी नाही.

मार टाळण्यासाठी पत्ता देण्याचा नियम सगळ्यांना आवडतो: हातातला एक किंवा टाकलेल्यांतले दोन पत्ते गमावले की त्या घावाचं नुकसान शून्य. पण पहिल्या चक्रात ३ हेल्थ वाचवायला चार फेऱ्या देणं हा तोट्याचा सौदा आहे. सुरुवातीला मार अंगावर घ्या. जीवच जाणार असेल किंवा एका घावात निम्मी हेल्थ जाणार असेल तेव्हाच पत्ता द्या. शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत मात्र उलटं करा. जे पत्ते आता खेळले जाणारच नाहीत ते ढाल म्हणून वापरा.

दुसरी मोठी गोष्ट इनिशिएटिव्ह. तुम्ही दोन पत्ते निवडता, त्यातला एक पुढचा ठरवता आणि त्यावरचा आकडा हा तुमचा क्रम. लहान आकडा आधी. शत्रूंचा आकडा तुम्हाला निवडताना माहीत नसतो, कारण प्रत्येक जातीच्या ८ कृतिपत्त्यांतला एक नंतर उलटतो. म्हणूनच नवशिके नेहमी शक्य तितका लहान आकडा लावतात. ते चुकीचं आहे. हाताघाईचा शत्रू अजून चार घरं दूर असेल तर तुम्ही आधी धावत जाऊन त्याला एक घाव घालता आणि मग तो आणि त्याचे सोबती तुमच्याभोवती जमतात. त्याऐवजी मोठा आकडा लावा. तो स्वतः चालत येतो, त्याची हालचाल त्यातच खर्ची पडते आणि त्याच्या हल्ल्याला कुणी पल्ल्यात नसतं. मग तुम्ही शेवटी मारता. पुढच्या फेरीला लहान आकडा लावला की तुम्ही पुन्हा सर्वांच्या आधी मारता. शत्रूला मध्ये संधीच न देता तुमचे दोन डाव सलग झाले. या फेरीला ८०च्या पुढचा आकडा आणि पुढच्या फेरीला २०च्या आतला, ही जोडी हातात राखून ठेवणं हे या खेळातलं सर्वात उपयोगी कौशल्य आहे. अदृश्य होण्याचं याच्या उलट. अदृश्यता तुमच्या पुढच्या डावाच्या शेवटपर्यंत टिकते, त्यामुळे ती आधी जाऊन घ्या आणि पुढच्या फेरीला सावकाश जा. शत्रूंचे दोन्ही डाव तुम्हाला न पाहता निघून जातात.

पत्त्यांची जोडी निवडताना एक पडताळा हवा: ठरवलेली चाल बिघडली तर या दोन पत्त्यांची उलटी जुळणी, म्हणजे पहिल्याचा खालचा आणि दुसऱ्याचा वरचा भाग, कामाला येईल का? शिवाय कोणताही पत्ता वर ‘अटॅक २’ किंवा खाली ‘मूव्ह २’ म्हणून खेळता येतो. लॉस कार्ड असं वापरलं तर ते गमावलं जात नाही, साध्या टाकलेल्यांत जातं. हा नियम अनेकांच्या नजरेतून सुटतो आणि मग हातात लॉस कार्डंच उरली म्हणून ती नाइलाजाने गमावली जातात.

मॉडिफायर डेक, म्हणजे प्रत्येक हल्ल्याला ज्यातला एक पत्ता काढून आकडा कमी-जास्त होतो तो गठ्ठा, २० पत्त्यांचं असतं: सहा शून्य, पाच +१, पाच −१, एक +२, एक −२, एक दुप्पट आणि एक पूर्ण चुकलेला घाव. सरासरी काढली तर ती बरोबर छापील हल्ल्याइतकीच येते. पण सरासरीवर मारामारी खेळू नये, शक्यतांवर खेळावी. शत्रूची ३ हेल्थ उरली आहे आणि तुमचा हल्ला ३ चा आहे: २० पैकी १३ पत्त्यांवर तो मरतो. हल्ला ४ चा असेल तर १८ पत्त्यांवर. एका आकड्याने ६५ टक्क्यांचे ९० टक्के होतात. म्हणून ‘पुरेसा’ हल्ला पुरेसा नसतो, एकाने जास्त हवा. नवं डेक असेल, त्यातले पत्ते अजून पर्क्सनी, म्हणजे पात्राला पुढे मिळणाऱ्या सुधारणांनी, बदललेले नसतील, तोवर हे आकडे तंतोतंत लागू आहेत.

शील्ड, म्हणजे ढालीचा आकडा, हल्ल्यातून मॉडिफायरनंतर वजा होते, त्यामुळे ती लहान घावांना खाऊन टाकते. शील्ड १ असलेल्यावर २ चे दोन हल्ले केले तर दोन्ही मिळून सरासरी २.२ नुकसान होतं. ४ चा एकच हल्ला ३.०५ देतो. ढाल असलेल्यावर मोठा घाव, उघड्या अंगाच्या घोळक्यावर अनेक लहान घाव. अनेकांवर होणाऱ्या हल्ल्यात प्रत्येक लक्ष्यासाठी वेगळा मॉडिफायर पत्ता काढायचा असतो, एकच पत्ता सगळ्यांना लावायचा नाही.

१ हेल्थ उरलेला शत्रू पूर्ण ताकदीने मारतो, हे वाक्य टेबलावर लिहून ठेवण्यासारखं आहे. चौघांनी चार जणांना अर्धमेलं केलं तर पुढच्या फेरीला चार हल्ले येतात. चौघांनी दोघांना संपवलं तर दोनच येतात. एलिट, म्हणजे जास्त ताकदीचा शत्रू, दिसला की सगळे त्याच्यावर तुटून पडतात, पण शेजारी एका घावात मरणारा साधा शत्रू असेल तर आधी तो. एलिटला त्या वेळात स्टन (काहीच करता येत नाही), डिसआर्म (हल्ला करता येत नाही) किंवा इमोबिलाइझ (हलता येत नाही) करून गप्प ठेवा. हाताघाईच्या शत्रूवर, तो अजून लांब असताना, इमोबिलाइझ स्टनइतकंच काम करतं. तिरंदाजावर ते जवळपास वाया जातं, त्याला डिसआर्म करा. पॉयझन प्रत्येक पुढच्या घावाला +१ देतं, तेव्हा ते फेरीतल्या पहिल्या मारणाऱ्याने लावावं. तेच तुमच्या नायकाला झालं असेल तर पहिला उपचार फक्त विष उतरवतो, हेल्थ भरत नाही. वूंड, म्हणजे दर डावाला १ हेल्थ घेणारी जखम, मात्र उपचाराने जातं आणि हेल्थही भरते.

शत्रू कुणावर जाणार हे खेळाडूंच्या मर्जीवर नाही, आणि नियमांतल्या चुका सर्वात जास्त इथेच होतात. क्रम असा: ज्याच्यावर हल्ला करण्याच्या जागी पोचायला सर्वात कमी चाल लागते तो. त्यात बरोबरी झाली तर सध्याच्या जागेपासून जो जवळ आहे तो. तीही बरोबरी झाली तर ज्याचा इनिशिएटिव्ह आधीचा तो. हेल्थ कुणाची कमी आहे हे शत्रू बघत नाही. या शेवटच्या पायरीत एक चांगला डाव दडलेला आहे: ब्रूट आणि स्पेलवीव्हर सारख्याच अंतरावर उभे असतील तर ब्रूटने लहान आकडा लावावा, मार त्याच्याकडे वळतो. लाँग रेस्ट घेणारा ९९ वर असल्याने अशा बरोबरीत तो सर्वात शेवटी मोजला जातो. शत्रूच्या पत्त्यावर फक्त हालचाल असेल, हल्ला नसेल, तरीही तो शेजारून मारायला निघाल्यासारखाच चालतो. आणि सापळा चुकवायला दुसरी कोणतीही वाट असेल तोवर तो सापळ्यात पाय ठेवत नाही, वाट लांबची असली तरी. तुम्ही मात्र त्याला ढकलू शकता. सिनॅरिओच्या पातळी १ वर सापळा ३ नुकसान करतो, आणि त्याला शील्ड अडवत नाही.

दार हे या खेळातलं सर्वात धोक्याचं घर. ते उघडल्याबरोबर आत नव्याने दिसलेला प्रत्येक शत्रू त्याच फेरीत आपला डाव खेळतो. उघडणाऱ्यापेक्षा ज्यांचा आकडा लहान निघतो ते उघडणाऱ्याचा डाव संपताच, बाकीचे आपल्या क्रमाने. म्हणून सगळ्यांचे डाव संपल्यावर शेवटी दार उघडणं म्हणजे संपूर्ण खोलीचा मार प्रत्युत्तराशिवाय घेणं. दार आधी उघडा, लहान आकड्यावर, म्हणजे सोबत्यांना निदान सावकाश शत्रूंच्या आधी मारता येतं. दाराच्या घरात पाऊल पडताच खोली उलगडते, पण तुमची हालचाल तिथे संपत नाही. मूव्ह ४ असेल तर दोन घरं जाऊन दार उघडा आणि उरलेल्या दोनांत मागे या. मागे येताना सरळ रेषेत नाही, भिंतीच्या आडोशाला या. दृष्टिरेषा फक्त भिंती अडवतात, दगड-टेबलं अडवत नाहीत. भिंतीआड उभं राहिलं की तिरंदाजांना नेम धरायला दारातून आत यावं लागतं, आणि मग ते ब्रूटच्या हाताशी सापडतात. दूरचा हल्ला करणारा शेजारच्या घरातल्याला मारत असेल तर त्याला डिसअॅडव्हांटेज, दोन मॉडिफायर पत्त्यांतला वाईट तो लागू. हे तुमच्या तिरंदाजालाही लागू आहे.

आणखी काही नियम, जे चुकले की सिनॅरिओ आहे त्याहून कठीण होतो. नकाशावरच्या प्रत्येक शत्रूच्या चित्राभोवती २, ३ आणि ४ खेळाडूंसाठी वेगळ्या खुणा असतात. काळी खूण असेल तर तो शत्रू ठेवायचाच नाही, पांढरी म्हणजे साधा, पिवळी म्हणजे एलिट. सिनॅरिओची पातळी म्हणजे पात्रांच्या पातळीची सरासरी भागिले दोन, वरच्या पूर्णांकाला. सगळे पहिल्या पातळीचे असतील तर १. पत्त्याने एखादं मूलतत्त्व (आग, बर्फ यांसारखी शक्ती) निर्माण केलं तर त्याच डावात ते वापरता येत नाही, पुढच्या खेळाडूला किंवा पुढच्या फेरीला मिळतं. दुप्पट किंवा पूर्ण चुकलेला घाव निघाला तर डेक फेरीच्या शेवटी पिसायचं, लगेच नाही. अनुभव शत्रू मारल्याने मिळत नाही, पत्त्यांवर छापलेल्या कृतींनी मिळतो, तेव्हा शेवटचा घाव कुणाचा यावरून भांडू नका. जमिनीवर पडलेली नाणी सिनॅरिओ संपला की गेली.

शिकायची पद्धत. चौघांनी पुस्तिका वाचण्यापेक्षा एकाने नीट वाचावी आणि बाकीच्यांना फक्त चार गोष्टी सांगाव्यात: दोन पत्ते, वर-खाली, इनिशिएटिव्ह, विश्रांती. मग पहिली खोली मांडून तीन फेऱ्या पत्ते उघडे ठेवून खेळा, हार-जीत न मोजता. खऱ्या खेळात नेमके आकडे बोलायचे नसतात, ‘लवकर जातोय’, ‘उशिरा’ इतकंच सांगायचं. पण सरावाला बंधन नको. कामं वाटून घ्या: एकाकडे शत्रूंची हेल्थ आणि कृतिपत्ते, दुसऱ्याकडे त्यांचं मॉडिफायर डेक, तिसऱ्याकडे फेरीचा शेवट. तिसऱ्याने दर फेरीला तीन गोष्टी मोठ्याने म्हणायच्या: मूलतत्त्वं एक पायरी खाली, डेक पिसायचंय का, शॉर्ट रेस्ट कुणाला? हे सगळंच जड वाटत असेल तर २०२० चा ‘जॉज ऑफ द लायन’ हा याच घराण्यातला छोटा खेळ आधी घ्या. त्यात पहिल्या पाच सिनॅरिओंतून नियम थोडे थोडे उलगडत नेले आहेत, आणि माझ्या मते नव्या गटासाठी तोच सरळ रस्ता आहे.

चौथ्यांदा ब्लॅक बॅरो खेळताना खोली सुरू होताच फेरी मोजायला लागा. पहिली खोली चार फेऱ्यांत संपली पाहिजे, लॉस कार्ड न वापरता. सहावी फेरी लागली तर कुणीतरी मागे रेंगाळत आहे किंवा नाणी गोळा करत आहे. दुसऱ्या खोलीत ज्याच्याकडे जास्त पत्ते आहेत त्याने एक लॉस कार्ड वापरावं. तिसऱ्या खोलीचं दार उघडण्याआधी प्रत्येकाने हातातले आणि टाकलेले पत्ते मिळून किती आहेत ते मोजावेत. कुणी सहाच्या खाली असेल तर दार उघडायचं काम दुसऱ्याचं. आत ‘लिव्हिंग बोन्स’ एका डावात दोघांना मारतात, तेव्हा दोन नायक त्यांच्या शेजारी एकत्र उभे करू नका. राखलेली सगळी लॉस कार्डं मात्र इथेच काढा, पहिल्याच फेरीपासून.

आणि पुन्हा हरलात तर कृतींनी मिळवलेला अनुभव आणि उचललेली नाणी तुमचीच राहतात. फक्त जिंकल्याचा जादा अनुभव आणि बॅटल गोलच्या, म्हणजे प्रत्येकाच्या गुप्त उद्दिष्टाच्या, खुणा मिळत नाहीत. दुसऱ्या पातळीला ४५ अनुभव लागतो, त्यातला बराच तुमच्याकडे तीन पराभवांतून जमला असेल, तो मोजला नसेल तर आता मोजा. पातळी एकाने कमी करून खेळण्याची मुभा पुस्तिकेतच दिलेली आहे. पातळी ० वर एकदा जिंका आणि पुढचा सिनॅरिओ परत १ वर लावा.